ओले किती?

मी एक जुनी चाळणी आहे, मित्रांनो. पण ओट्याखालच्या कपाटात हात घालून मला शोधू नका. मला तार नाही, कडी नाही, भोकं तर मुळीच नाहीत. मी लिहिलेली चाळणी आहे. कॉम्प्युटरचे प्रोग्राम माणसं लिहितात आणि माणसं चुकतात. त्या चुका चाळून बाहेर काढायला माझ्यासारख्या असतात. आमच्या धंद्यात मला लायब्ररी म्हणतात, पण पुस्तक एकही नाही हो माझ्यात. शिकलीसवरलेली मी नव्हे. मला एकच काम येतं, खोट काढायचं. ते मात्र असं येतं की अंधेरीच्या एका कंपनीत सतरा वर्षं मोठमोठे पदवीधर माझ्या तोंडाला दबकून होते.

बाकीच्या तपासण्या कशा असतात, सांगते. परीक्षेच्या आदल्या दिवशी पेपर फुटावा तशा. पाच आणि तीन आठ आले का? आले. पास! ज्याने प्रोग्राम लिहिला त्यानेच प्रश्न काढले आणि त्यानेच उत्तरं ठरवली. मग नापास होईल कोण? माझ्याकडे तसले लाड नाहीत. मला उदाहरण देऊ नका, नियम द्या. म्हणजे असं, की कुठलीही यादी दोनदा उलटी केली तर ती पहिल्यासारखी झाली पाहिजे. एवढं सांगा आणि बाजूला व्हा. पुढच्या याद्या मी स्वतः बनवते. रिकामी यादी, एकाच वस्तूची यादी, शंभर वेळा तीच ती वस्तू, अशा हजारो. त्यांतली एक जरी नियमाबाहेर गेली तरी मी गप्प बसत नाही.

माझा जन्म मुलुंडचा. मला लिहिलं उत्तराने. पण माझं वळण तिचं नाही. ते तिच्या सासूबाईंचं, रत्नप्रभाबाईंचं. या बाई मालवणकडच्या. नवरा गिरणीत होता, गिरणी बंद पडली, तेव्हा बाईंनी घाटकोपरला उडदाच्या पापडांचं काम सुरू केलं. शाळा चौथीपर्यंत. हाताखाली वीस बायका. बायका घरून पापड लाटून, वाळवून आणायच्या आणि रत्नप्रभाबाई ते तपासायच्या. वरचा पापड त्यांनी कधी बघितला नाही. "वरचो सगळेच चांगलो ठेवतत," म्हणायच्या, आणि हात सरळ चवडीच्या मधोमध घालायच्या.

एकदा तक्रार आली की पापड तळला की लाल होतो. बायका एकमेकींवर ढकलत बसल्या. बाईंनी काय केलं? मूठभर पीठ घेतलं आणि मिरी न घालता एक पापड तळला. लाल. हिंग काढला. तरी लाल. जिरं काढलं, तेल काढलं, पापड लाल तो लालच. शेवटी उरलं उडदाचं पीठ आणि पापडखार, आणि पीठ तर नेहमीचंच, खार तेवढा नवा. "ह्यो बघ चोर," म्हणाल्या आणि पापडखाराचा डबा बाहेर ठेवला.

उत्तरा तेव्हा नवी नवरी होती. कॉम्प्युटरची नोकरी करायची आणि घरी आल्यावर सासूचं हे सगळं डोळे मोठे करून बघायची. तेच तिने माझ्यात घातलं. मला खोट सापडली की मी ती तशीच कुणाच्या अंगावर टाकत नाही. एकेक गोष्ट काढत जाते, लहान करत जाते, शेवटी उरतो तो नुसता चोर. शंभर पायऱ्यांत लपलेली चूक मी तीन पायऱ्यांत आणून दाखवते. भल्याभल्यांना हे जमत नाही, म्हणून थोडा गर्व केला तर राग मानू नका.

आणखी एक गोष्ट बाईंची. तपासताना त्या तीन ढीग करायच्या. चांगले, वाईट आणि ओले. ओला पापड धड चांगला नाही, धड वाईटही नाही. त्याच्याबद्दल आज काही बोलताच येत नाही, तो वाळू द्यावा लागतो. एखादी बाई म्हणाली, "आज सगळे चांगले," की रत्नप्रभाबाईंचा पहिला प्रश्न असायचा, "ओले किती?" आणि ती जर म्हणाली, "एकही नाही," तर संपलंच. "मुंबईच्या हवेत एकय ओलो नाय? मगे तू हात लावूनच बघितलंस नाय."

म्हणून माझ्याही तोंडी उत्तराने तीनच वाक्यं दिली. "नियम पाळला." "खोट सापडली." आणि तिसरं, "दमले. तपासता आलं नाही." कधी कधी मी बनवलेली उदाहरणं नियमाच्या अटीतच बसत नाहीत. ती मी बाजूला ठेवते आणि मोजते. त्या मोजणीचं नाव उत्तराने ठेवलं 'ओले'. ओल्यांचा ढीग फार वाढला की मी काम थांबवते आणि सरळ सांगते की दमले. सतरा वर्षांत मी अकरा वेळा दमले. लपवलं एकदाही नाही.

आमची कंपनी सिरिंज पंप बनवते. हॉस्पिटलात पलंगाशेजारी एक छोटं यंत्र असतं बघा, सिरिंजमधलं औषध थेंबथेंब पुढे ढकलणारं, तेच. त्याच्या प्रोग्रामसाठी माझ्याकडे एक नियम होता. नर्सने पंप कितीही वेळा थांबवून परत चालू केला, तरी डॉक्टरांनी ठरवलेल्या मापापेक्षा थेंबभरही औषध जास्त जाता कामा नये. या एका नियमावर मी पहिल्या वर्षी चार वेळा खोट काढली. उत्तराला कंपनीने एक लाकडी फळी दिली, तिच्यावर पितळेची पट्टी आणि पट्टीवर तिचं नाव. माझं नाव कुठेच नव्हतं. असू दे. फळी मुलुंडच्या घरी फ्रिजवर आहे, तिच्यावर लिंबं ठेवतात.

मग दिवस फिरले. ज्या भाषेत मी लिहिलेली, ती प्रोग्रामिंगची भाषा जुनी झाली. कंपनीत ती येणारी तीनच माणसं उरली होती. एक कॅनडाला गेला. दुसऱ्याने बोरिवलीत फ्लॅट विकायचा धंदा काढला आणि आता तो फक्त कार्पेट एरियाची भाषा बोलतो. तिसरी उत्तरा. तिनेही नोकरी सोडली, कारण सासूबाईंना घरी कुणीतरी लागत होतं. नवी पोरं माझ्या फोल्डरकडे बघायची ती देव्हाऱ्याकडे बघावं तशी. लांबून नमस्कार, आत हात घालायची हिंमत नाही.

शेवटी मुकुलने ठरवलं की पंपाचा प्रोग्राम नव्या भाषेत लिहायचा. मुकुल म्हणजे आमच्या विभागाचा प्रमुख, माणूस वाईट नाही, घाईचा आहे. प्रोग्राम नवा, तर चाळणीही नवी हवी. कारण नव्या भाषेतलं मला एक अक्षर कळत नाही. माझी सगळी अक्कल त्या भाषेत नेऊन ठेवायचं काम स्वरदाकडे आलं. पोरगी हुशार. सहा महिने तिने माझी ओळ न् ओळ वाचली. इतकं लक्ष मला कुणी कधी दिलं नव्हतं. तिने लिहिलेल्या नवीला मी सून म्हणते. लेक कसं म्हणू? तिचा एक शब्द माझा नाही. पण घर चालवायला तीच आली होती.

माझी लहान करत जायची कला स्वरदाने सुंदर उचलली. पण दोन जागी तिचा हात घसरला.

पहिली जागा आकड्यांची. माझे आकडे मी बेताने काढते. आधी शून्य, मग एक, दोन, मग हळूहळू मोठे, कारण चोर बहुधा दाराजवळच असतो. नव्या भाषेत आकडे काढणारं यंत्र तयार मिळत होतं. स्वरदाला वाटलं, काहीही आकडा हवाय ना, मग हे काय वाईट? पण ते यंत्र काढायचं सात कोटी, नऊशे कोटी, असले आकडे. सिरिंज पन्नास मिलीची, आणि सूनबाई म्हणायची सात कोटी मिली औषध भरून बघू. उन्हाळ्यात सोसायटीत पाण्याचे टँकर येतात ना? तसले सात टँकर! पलंगाशेजारी सात टँकर मावणार नाहीत, एवढी अक्कल तिला होती. ती ते उदाहरण बाजूला ठेवायची.

आता दुसरी जागा. बाजूला ठेवलेलं मोजायचं कुठे? ऑफिसात भिंतीवर एक मोठा स्क्रीन लावला होता. त्यावर दोनच रंग, हिरवा आणि लाल. क्लायंटला जाणाऱ्या अहवालातही तेच दोन. स्वरदा मुकुलकडे गेली.

"मुकुल, जुन्यात तिसरा निकाल आहे. 'दमले' म्हणून."

"दमले?" मुकुल हसला. "यार, क्लायंट वाचणार हे. मशीन दमतं का कधी?"

"आणि एक मोजणी आहे, 'ओले' नावाची. काय आहे ते कुठेच लिहिलेलं नाही."

"मग काढ ना. उत्तराताईंच्या घरच्या भाषेत किती दिवस काम करायचं?"

"पण मग 'दमले'च्या जागी काय दाखवू?"

"फेल झालं का? नाही ना? मग हिरवं."

एवढंच झालं, मित्रांनो. फेल नाही, म्हणजे पास. चांगल्या शिकलेल्या दोन माणसांनी ओल्या पापडांचा ढीग उचलला आणि चांगल्यांवर ओतला.

शेवटच्या आठवड्यात आम्हा दोघींना शेजारी शेजारी चालवलं. मी जुना प्रोग्राम तपासत होते, ती नवा. मला चार मिनिटं लागली. तिला चार सेकंद. स्क्रीन हिरवागार. "झकास!" मुकुल म्हणाला आणि टाळ्या वाजल्या. खरं सांगते, मला लागलं ते. वाटलं, म्हातारपण आलं आपल्याला, सुनेचा हात चपळ आहे. चार सेकंदांत दहा हजार उदाहरणं तपासून होत नाहीत, हे मला कळायला हवं होतं. पण मत्सराला आकडेमोड येत नाही.

सोमवारी नवा प्रोग्राम चाळीस पंपांत भरायचा होता. ते पंप चेंबूरच्या एका हॉस्पिटलात जायचे होते, लहान मुलांच्या वॉर्डात. आणि त्याच सोमवारी मला कायमचं बंद करायचं होतं.

शनिवारी दुपारी स्वरदा मुलुंडला आली. मी तिच्या लॅपटॉपमध्ये होते. मला कान कुठून आले, असं विचारू नका. ज्यांना कान आहेत ते तरी कुठे सगळं ऐकतात? पोरीने पेढे आणले होते. म्हणाली, "उत्तराताई, सोमवारी जुनी चाळणी बंद करतोय. तुम्हाला न विचारता बंद करणं बरं वाटेना."

रत्नप्रभाबाई खिडकीशी मेथी निवडत बसल्या होत्या. वय चौऱ्याऐंशी, नजर अजून सुईसारखी.

"पेढे कसले गो? कोण पास झाला?"

"प्रोग्राम पास झाला, आजी. दहा हजार वेळा तपासला, दहा हजार वेळा पास."

"होय?" बाईंनी मेथीची काडी मोडली. "आणि ओले किती?"

स्वरदा हसली. "एकही नाही आजी. सगळे हिरवे."

"मगे तू हात लावूनच बघितलंस नाय."

उत्तराच्या हातातला चहाचा ट्रे तिथेच थांबला. तिने तो टेबलावर ठेवला आणि हळूच विचारलं, "स्वरदा, ओले कुठे मोजतेस तू?"

"ते... काढलं, ताई. स्क्रीनवर जागा नव्हती. त्याचा अर्थही कळला नव्हता."

उत्तराने लॅपटॉप पुढ्यात ओढला. नवी भाषा तिला येत नव्हती, म्हणून ती सांगत गेली आणि स्वरदा लिहीत गेली. काम एका ओळीचं होतं. बाजूला ठेवलेलं प्रत्येक उदाहरण मोजायचं आणि शेवटी आकडा दाखवायचा. सूनबाईंना परत चालवलं. चार सेकंद झाले.

तपासले दहा हजार. त्यातले ओले दहा हजार.

पेढ्यांचा बॉक्स उघडा होता, कुणी हात लावेना.

"म्हणजे एकही तपासलं नव्हतं?" स्वरदाला रडू फुटलं. "ताई, सोमवारी हे मुलांच्या वॉर्डात जाणार होतं. मी सही केलीय त्यावर."

"रडतेस काय?" रत्नप्रभाबाई म्हणाल्या. "पापड अजून घरातच हत मा? गिऱ्हाइकाच्या ताटात गेले नाय. वाळव नि परत बघ."

उत्तरा मात्र स्वतःवरच चिडली होती. "चूक तुझी एकटीची नाही. 'ओले' म्हणजे काय, हे मी कुठे लिहून ठेवलं होतं? आमच्या घरात कामवाल्या वनमालालासुद्धा माहीत आहे, म्हणून लिहिलं नाही. जगाला माहीत असेल असंच धरून चालले." हे ऐकून मलाही खाली बघावंसं वाटलं. सतरा वर्षं मी त्या शब्दाचा तोरा मिरवला. तो कुणाला कळतो का, हे मीही विचारलं नाही.

मग स्वरदाने जेवणाच्या टेबलावर बैठक मारली. तयार आकड्यांचं यंत्र काढून टाकलं आणि माझ्यासारखे बेताने येणारे आकडे लिहिले, शून्यापासून पन्नासपर्यंत, लहानांना जास्त मान. मध्येच रत्नप्रभाबाई येऊन स्क्रीनकडे बघायच्या.

"कायतरी कळता काय तुम्हाला, आई?" उत्तराने चिडवलं.

"माका कळूक कशाक होया? तुझा तोंड बघलंय की कळता, अजून जमूक नाय ता."

चार वाजता सूनबाई पुन्हा चालली. या वेळी तिला सव्वातीन मिनिटं लागली. ओले एकशेबारा. आणि खाली लाल अक्षरांत, खोट सापडली.

सत्तेचाळीस पायऱ्यांची खोट होती. सुरू, थांबव, वेग वाढव, थांबव, असं लांबलचक. मी डोळे लावून बघत होते, कारण खरी परीक्षा आता होती. सूनबाईने एक पायरी काढली, मग दुसरी. सत्तेचाळीसच्या वीस झाल्या, वीसच्या सात, आणि शेवटी तीन उरल्या. सुरू. थांबव. सुरू. एक मिलीचा डोस. डोस संपत आल्यावर पंप थांबवून त्याच सेकंदात परत चालू केला, की आधी दिलेलं तो विसरायचा आणि पुन्हा पहिल्यापासून द्यायचा. एकाच्या जागी जवळजवळ दोन मिली. लहान मुलाच्या अंगात औषध दुप्पट म्हणजे काय, ते मी सांगायला नको.

"ह्यो बघ चोर," उत्तरा म्हणाली. आवाज सासूचाच.

त्या क्षणी माझा सगळा मत्सर गळाला. तो चोर मला सापडलाच नसता, मित्रांनो. तो नव्या भाषेत लपला होता. सूनबाईने माझ्या देखत धरला.

स्वरदाने तिथूनच मुकुलला फोन लावला. "सोमवारी पंप जाणार नाहीत."

"काय? स्वरदा, हॉस्पिटलला तारीख दिलीय! काल सगळं हिरवं होतं ना?"

"काल काही तपासलंच नव्हतं, मुकुल. जे तपासता आलं नाही ते आपण हिरव्यात टाकत होतो. दहा हजारच्या दहा हजार. आता तपासलं तर डोस दुप्पट जातोय."

मुकुलने मागे चाललेला घरचा मिक्सर बंद करायला लावला.

"वाट लागली असती," तो म्हणाला. "हिरवं टाक असं मीच म्हणालो होतो."

"हो."

"मी हॉस्पिटलला कळवतो. आणि ऐक, ते 'दमले' परत घाल."

"क्लायंट वाचणार ना?"

"वाचू दे यार. मी समजावीन त्यांना."

रत्नप्रभाबाईंनी मेथीची परात बाजूला सारली, एक पेढा उचलून स्वरदाच्या हातावर ठेवला आणि म्हणाल्या, "आता खा. आता पास झालंस."

प्रोग्राम दुरुस्त व्हायला नऊ दिवस लागले. पंप गेले, आणि नीट चालू आहेत. ऑफिसच्या स्क्रीनवर आता तिसरा रंग आहे, पिवळा. त्यात देवनागरीत लिहिलेलं असतं, "दमले. तपासता आलं नाही." त्याखाली तीन ओळींत ओले म्हणजे काय, ते साध्या भाषेत सांगितलं आहे. परवा सूनबाई पहिल्यांदा पिवळी झाली. आख्ख्या ऑफिसाने हातातलं काम थांबवलं आणि तिच्याकडे बघितलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला एवढा मान मिळाला नव्हता. पण घरातल्या बाईला मिळाला, म्हणजे मलाच मिळाला.

मला बंद केलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. आता माझी एक प्रत पेन ड्राइव्हवर आहे, आणि तो पेन ड्राइव्ह उत्तराने पापडांच्या जुन्या डब्यात ठेवलाय. डब्याला अजून हिंगाचा वास आहे. माझी काळजी करू नका.

काळजी करायचीच, तर त्या तिसऱ्या ढिगाची करा. चांगल्याचं कौतुक सगळे करतात, वाईटाला शिव्याही सगळे घालतात. ज्याच्याबद्दल अजून काही कळलेलं नाही, ते मात्र घाईघाईने चांगल्यांत ढकलून मोकळे होतात. तुम्ही तसं करू नका. तपासता आलं नाही तर मान वर करून सांगा की आलं नाही. त्यात कमीपणा नाही. मी एवढी ताठ मानेची, तरी अकरा वेळा सांगितलं. आणि उद्या कुणी तुमच्यापुढे छाती काढून म्हणालं, की सगळं बघितलं, सगळं ठीक आहे, तर भांडू नका. पेढा घ्या हातात, आणि खाण्याआधी एवढंच विचारा.

ओले किती?